उजवा हात गळ्यात आणि एका दिवसात दोन पेपर : लेखनिक घेऊन परीक्षा दिलेल्यांनी इथे लिहा

चाफेकळी

नमस्कार मंडळी. गेल्या हिवाळी सत्रात माझ्यावर एक दिवस आला, तो सविस्तर लिहून ठेवते आहे. त्या रात्री मी डाव्या हाताने मोबाइलवर हेच शोधत होते आणि मराठीत काही म्हणजे काही सापडलं नाही.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. गाव कोरेगाव तालुक्यात, पण कॉलेजसाठी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ चौघी मैत्रिणी खोली घेऊन राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑरगॅनिकचा पेपर होता आणि दुपारी दोनला दुसऱ्या वर्षाचा राहिलेला ऑप्टिक्स, एटीकेटीचा. तो सुटला नसता तर पदवीच लांबणीवर पडणार होती.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली येत होते. जिन्यात कुणाच्या तरी बादलीतलं पाणी सांडलेलं. पाय सटकला आणि सगळा भार उजव्या तळहातावर आला. रक्त नाही, जखम नाही, पण दहा मिनिटांत मनगट टम्म फुगलं. हातात आजीचं चांदीचं कडं होतं, ते निघेना. घरमालकीण काकूंनी भांड्यांचा साबण चोळला, हाताला दोरा घट्ट गुंडाळत आणला आणि त्यावरून कडं सरकवलं. मला अंधारी आली, पण निघालं. सिव्हिलमधल्या सिस्टर नंतर म्हणाल्या, अजून तासभर थांबला असतात तर कापावं लागलं असतं.

एक्स-रे काढला. मनगटाजवळ रेडियसला, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला, चीर गेली होती, हाड मात्र जागेवर होतं. कोपराच्या खालून बोटांच्या मुळापर्यंत स्लॅब, म्हणजे एका बाजूचं प्लास्टर, घातला. उद्या पेपर आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी एकच विचारलं, "लिहितेस कुठल्या हाताने?" मी उजवा म्हटलं. त्यांनी मी न मागता कागद ओढला आणि प्रमाणपत्र लिहून दिलं: उजव्या मनगटाचा अस्थिभंग, सहा आठवडे लिहिता येणार नाही. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. त्या कागदावर माझा पुढचा सगळा दिवस उभा राहिला.

रात्री साडेआठ वाजले होते. इतक्या रात्री कॉलेजच्या सरांना फोन कसा करायचा म्हणून मी रडत बसले होते. रूममेटने माझा मोबाइल घेऊन सरळ लावला. सर जेवणावरून उठले असावेत, पण एका शब्दाने रागावले नाहीत. म्हणाले, लेखनिक मिळतो. तो तुझ्यापेक्षा खालच्या वर्गातला हवा, विज्ञान शाखेचा नको, त्याचं ओळखपत्र आणि फोटो हवेत, सकाळी आठला अर्ज घेऊन ऑफिसला ये.

काकूंची भाची समोरच्याच गल्लीत राहते, अकरावी कलेला. ती लगेच तयार झाली. साडेनऊ ते अकरा आम्ही सराव केला, आणि तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. बेंझीन कसं काढतात ते तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी बोलत गेले, ती काढत गेली. "षट्कोन काढ. एक टोक वर. आत एका आड एक दुहेरी रेघ. आता वरच्या टोकाला उभी रेघ, तिच्या डोक्यावर सीएच तीन, तीन खाली आणि लहान." पहिल्या वेळी तिने षट्कोन आडवा काढला. दुसऱ्या वेळी दुहेरी रेघा बाहेरून काढल्या. सहाव्या वेळी टोल्युइन असं आलं की मी मिठीच मारली, एका हाताने. मग ऑप्टिक्ससाठी थीटा आणि लॅम्डा ही ग्रीक अक्षरं. थीटासाठी मी टेबलावर डाव्या बोटाने हवेतच अंडं काढून मध्ये रेघ मारली. "अगं, अंड्याला करगोटा," असं ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी थीटाला तेच म्हणत होतो.

सकाळी कॉलेज ऑफिसच्या खिडकीवर उत्तर मिळालं : ही सवलत दिव्यांगांना असते, दिव्यांग प्रमाणपत्र आहे का? मी सांगितलं की हात काल मोडला. ते म्हणाले, मग पुढच्या वेळी बसा. सव्वाआठ ते साडेनऊ मी त्या खिडकीपाशी उभी होते. पप्पा पहिल्या एसटीने आले होते, ते एकही शब्द न बोलता माझी बॅग धरून मागे थांबले. शेवटी परीक्षा अधिकारी आल्या, त्यांनी विद्यापीठाच्या परिपत्रकाची फाइल उघडली, अपघाताने हात दुखावलेल्या विद्यार्थ्याबद्दलची ओळ बोटाने दाखवली आणि सही केली. नऊ चाळीस झाले होते. म्हणजे सोय होती. ती फक्त त्या खिडकीपर्यंत पोचली नव्हती.

आम्हाला वेगळी खोली मिळाली, एक स्वतंत्र पर्यवेक्षक. पहिला अर्धा तास माझा जवळजवळ वाया गेला. लिहिताना आपण पुढच्या ओळीचा विचार करत असतो. सांगताना ते होत नाही, वाक्य तोंडातून गेलं की थांबावं लागतं आणि तोवर धागा तुटलेला असतो. नायट्रेशनची यंत्रणा सांगताना तिने बाण उलटा काढला. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हेच त्या बाणाने दाखवायचं असतं, त्यामुळे उलटा बाण म्हणजे उत्तरच चुकलं. मी म्हटलं, "बाणाचं शेपूट दुहेरी रेघेवर, टोक नायट्रोजनवर." तिने खोडून नीट काढला. त्यानंतर प्रत्येक बाणाआधी मी आधी शेपूट सांगायचं ठरवलं.

आणि जी गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती ती एक वाजता लक्षात आली. मला तासाला २० मिनिटं जादा मिळाली होती. तीन तासांच्या पेपरला एक तास. म्हणजे सकाळचा पेपर दोनला संपणार, आणि दुपारचा दोनलाच सुरू होणार. जेवण नाही, गोळी नाही, बाथरूम नाही. मी एक पस्तीसला पेपर दिला, सहा मार्कांचा एक उपप्रश्न सोडून. पप्पांनी डब्यातली पोळीभाजी भरवली. मला वीस वर्षांची होऊन वडिलांच्या हातून जेवताना त्या व्हरांड्यात कसलीच लाज वाटली नाही.

दुपारी न्यूटनची वर्तुळं आली. सहा वाजता बाहेर पडलो तेव्हा माझा हात ठणकत होता, पण मी पाहत होते तो तिचा हात. मधल्या बोटाला पेनाचा खोल खड्डा पडला होता आणि ती मूठ उघडमीट करत होती. पैसे घ्यायला तिने साफ नकार दिला.

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल तर लिहा. काय केलं, काय चुकलं, नियम कुठे सापडला. पुढच्या मुलीला रात्री साडेआठला हे वाचायला मिळालं पाहिजे.

सह्यकडा

वाचताना माझंच मनगट दुखायला लागलं. शाब्बास चाफेकळी. वेळेचा तो घोळ कुणी आधी का सांगितला नाही? वेळापत्रक तर सगळ्यांच्या समोर होतं.

ओपीडी_नऊ_ते_दोन

मी अस्थिरोग विभागात काम करतो, म्हणून दोन शब्द.

तुमच्या काकूंनी कडं काढलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. हात, मनगट, बोट, काहीही दुखावलं तरी अंगठी, बांगड्या, घड्याळ, मनगटावरचा दोरा सगळं पहिल्या काही मिनिटांत उतरवायचं. सूज नंतर येते आणि धातू ताणला जात नाही.

सूज पहिले दोन-तीन दिवस वाढत असते, म्हणूनच सुरुवातीला पूर्ण गोल प्लास्टर न घालता एका बाजूचा स्लॅब घालतात. परीक्षेचा दिवस नेमका त्याच दिवसांत आला तर हात खाली लोंबकळू देऊ नका. झोळी चालताना ठीक आहे. बाकावर बसल्यावर मात्र हात झोळीतून काढून बाजूच्या उशीवर किंवा दप्तरावर उंच ठेवा, बोटं छातीच्या पातळीच्या वर. दर थोड्या वेळाने बोटं पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. स्लॅबमध्ये मनगट बंद आहे, बोटं बंद नाहीत.

आता महत्त्वाचं. बोटं बधिर झाली, मुंग्या थांबेनात, नखं निळसर किंवा पांढरी पडली, बोटं हलकेच सरळ करताना जीव जाईल इतकं दुखलं, गोळी घेऊनही कळ वाढतच गेली, तर पेपर टाकून दवाखान्यात या. आवळून बसलेला स्लॅब आम्ही पाच मिनिटांत सैल करतो. आत दाब वाढत राहिला तर काही तासांत स्नायू कायमचे जातात. यात थांबून बघू हा प्रकार नाही.

गोळ्यांबद्दल : पॅरासिटामॉलने झोप येत नाही आणि पोटाला त्रास कमी होतो. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या रिकाम्या पोटी नकोत. ट्रामाडॉल असलेल्या गोळीने गुंगी येते, मळमळतं, आणि मित्राने दिलेली स्नायू सैल करायची गोळीही तशीच झोप आणते. पेपरच्या सकाळी कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा घेऊ नका. डॉक्टरांना सांगा, उद्या मला डोकं शाबूत हवंय. ते त्याप्रमाणे लिहून देतात.

आणखी एक, कारण दरवर्षी असे तरुण येतात. तळहातावर पडलात, एक्स-रेत काही दिसलं नाही, पण अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखतंय, तर ते नुसतं मुरगळणं समजू नका. स्कॅफॉइड नावाच्या लहान हाडाची चीर पहिल्या दिवशी कधी कधी दिसत नाही. हात बांधून ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. परीक्षा आहे म्हणून त्याच हाताने लिहीत राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असतो, ते जुळलं नाही तर पुढे अनेक वर्षं मनगट दुखतं.

दोन_मुलींची_आई

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नकोस बाळा. तू जायलाच नको होतंस. काल हाड मोडलेल्या मुलीने दुसऱ्या दिवशी आठ तास बसून दोन पेपर द्यायचे, ते कशासाठी? माझ्या थोरलीला बारावीच्या वेळी डेंग्यू झाला होता, आम्ही दोन पेपर सोडून दिले. लोक खूप बोलले. ती जुलैत पुन्हा बसली, आज नोकरी करते. "पुढच्या वेळी बसा" हे त्या खिडकीवरच्या माणसाने चुकीच्या सुरात सांगितलं, पण ते वाक्य एखाद्या आईने मायेने सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?

चाफेकळी

काकू, रागावले अजिबात नाही. पप्पांनीही रात्री फोनवर हेच सांगितलं होतं, राहू दे म्हणून. माझं म्हणणं इतकंच आहे : डोकं चालत होतं, ताप नव्हता, फक्त लिहिता येत नव्हतं. वर्षभराचा अभ्यास झाला होता. डेंग्यू असता तर मी गेले नसते. पण जायचं की नाही हे मी आणि माझ्या डॉक्टरांनी ठरवायचं. खिडकीने नाही.

आणि खरं सांगते, पुढचं सत्र आमच्या घरात फुकट मिळत नाही. खोलीचं भाडं आणखी सहा महिने, मेस आणखी सहा महिने. धाकटा भाऊ बारावीला आहे. हे सगळं माझ्या डोक्यात होतं.

पर्यवेक्षक_३०_वर्षं

मी निवृत्त प्राध्यापक. वरिष्ठ पर्यवेक्षक आणि केंद्रप्रमुख म्हणून बरीच वर्षं काम केलं. चाफेकळीचा वेळेचा प्रश्न वाचून मला झोप आली नाही, कारण आमच्याही केंद्रावर असं घडलं होतं आणि आम्ही ते सोडवलं होतं.

अर्ज करतानाच लिहायचं : त्याच दिवशी मला दुसराही पेपर आहे, जादा वेळेमुळे दोन्हींच्या वेळा एकमेकांवर येतात, तरी दुपारच्या पेपरला उशिरा सुरुवात करण्याची परवानगी मिळावी. आम्ही त्या मुलाला दोन पेपरांच्या मध्ये बाहेर सोडलं नाही. त्याच खोलीत पर्यवेक्षकासमोर तो आणि त्याचा लेखनिक जेवले, मोबाइल आमच्याकडे, बाथरूमला शिपाई बरोबर. पाऊण तासाने दुसरा पेपर हातात दिला. अडचण असते ती गोपनीयतेची. मुख्य हॉलमधली मुलं पहिल्या अर्ध्या तासानंतर बाहेर पडू शकतात, प्रश्न बाहेर जातात. उशिरा बसणारा मुलगा तोवर बाहेरच्या कुणालाही भेटला नाही याची नोंद अहवालात असली की अडचण राहत नाही. विद्यापीठाला आम्ही आदल्या संध्याकाळी फोन केला आणि सकाळी ईमेल. तोंडी परवानगीवर कुणी विसंबू नये.

खिडकीवर काय न्यायचं तेही सांगतो. अर्जाच्या दोन प्रती, एक देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, वेळेसकट. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर शंका काढायला जागा राहत नाही, खासगीचं असेल तर नोंदणी क्रमांक ठळक हवा. त्यावर कुठला हात, कधीपर्यंत, आणि "लिहिण्यास असमर्थ" हे शब्द हवेत. नुसतं "विश्रांतीचा सल्ला" लिहिलेलं प्रमाणपत्र कामाचं नाही, कारण विश्रांती घ्यायची असेल तर परीक्षेला का आलात असं विचारतात. लेखनिकाचं कॉलेज किंवा शाळेचं ओळखपत्र, दोन फोटो, आणि अल्पवयीन असेल तर पालकांची संमती. पर्यायी लेखनिक म्हणून आणखी एक नाव देता आलं तर द्या. ज्याच्या भरवशावर सगळं आहे त्यालाच सकाळी ताप आला, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझी त्या खिडकीवरच्या माणसावरही माया आहे, त्याच्या डोक्यावर त्या सकाळी सातशे मुलांची बैठकव्यवस्था असते. पण परिपत्रक वाचलेला एक माणूस परीक्षेच्या काळात आठ वाजता जागेवर असलाच पाहिजे. ही संस्थेची जबाबदारी आहे, विद्यार्थ्याची नाही.

काळा_कोट

कायद्याचा भाग थोडा स्पष्ट करतो, कारण दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. त्यानंतर केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, हे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी होतं. लेखनिक उमेदवाराने स्वतः आणला तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावं हेही तिथलंच होतं. चाफेकळीला मिळालेली २० मिनिटं बहुतेक याच हिशेबाने.

मग विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा खटला आला. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, पण ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून लेखनिक नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यावरून १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या.

आता काल पडून मोडलेला हात. ते दिव्यांगत्व नव्हे, कारण तो दीर्घकाळचा नाही. तिथे आधार असतो आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकाचा. म्हणून खिडकीवर दिव्यांग कायद्याची भाषा बोलू नका, ते तुम्हाला दिव्यांग प्रमाणपत्रच मागणार. "अपघातग्रस्त विद्यार्थी" हा शब्द वापरा आणि परिपत्रक दाखवा. प्रत्येकाने आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून ते आजच उतरवून ठेवावं, हात शाबूत असताना.

उसनी_लेखणी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. पुण्यात कॉलेजात असताना मी दृष्टिहीन मुलांसाठी पेपर लिहायचे, चार वर्षं. चाफेकळीने तिच्या लेखनिकेच्या बोटाबद्दल लिहिलं, ते वाचून डोळे भरून आले. कुणी बघत नाही ते बोट.

लेखनिकाला कुणी सांगत नाही अशा काही गोष्टी. मला उत्तर येत असलं तरी माझा चेहरा कोरा ठेवायचा. एकदा एका मुलाने सन चुकीचा सांगितला आणि मी नकळत थांबले. माझ्या थांबण्यातून त्याला कळलं की काहीतरी चुकलंय. त्याने सन बदलला. मला आठवडाभर चैन पडलं नाही. तेव्हापासून मी ठरवलं, वेग सारखा ठेवायचा, येत असो वा नसो.

सांगणाऱ्यासाठी : पूर्ण वाक्य सांगा, मग थांबा. शब्द-शब्द सांगितलं तर दोघंही दमतात. लिहून झालं की लेखनिकाने शेवटचे दोन शब्द परत म्हणायचे, त्यावरून पुढचं वाक्य सुचतं. हे आदल्या रात्री ठरवून टाका. नवीन परिच्छेद, अधोरेखित, चौकट, हेही शब्द ठरवून घ्या. पाण्याची बाटली दोघांची वेगळी असू द्या, सांगणाऱ्याचा घसा तीन तासांत बसतो. आणि दर तासाला दोन मिनिटं लेखनिकाचा हात झटकू द्या. ती दोन मिनिटं वाया जात नाहीत, तेवढ्यात पुढचा प्रश्न मनात मांडून घ्या.

मँचेस्टरकर

इथली पद्धत सांगतो, तुलना म्हणून नाही, दोन्ही मुद्दे महत्त्वाचे वाटतात म्हणून. मी एम.एस्सी. करताना फुटबॉलमध्ये खांदा निखळला होता. इथे दोन वाटा असतात. एक, कॉलेजच्या मदत कक्षाला कळवून संगणकावर टाइप करायला मिळतं, किंवा लिहायला माणूस मिळतो. तो माणूस विद्यापीठच देतं, आपण शोधायचा नाही. दुसरी, अडचणीचा अर्ज करून पेपर पुढच्या संधीला द्यायचा, आणि अर्ज मंजूर झाला तर तो पहिलाच प्रयत्न धरतात.

पण "फिट टू सिट" म्हणून एक नियम पुष्कळ विद्यापीठांत आहे. पेपरला बसलात म्हणजे मी ठीक आहे असं तुम्हीच जाहीर केलंत. नंतर मार्क कमी पडले म्हणून दुखापतीचं कारण सांगता येत नाही. त्यामुळे इथे दोन_मुलींची_आई म्हणतात तो विचार पेपरच्या आधीच करावा लागतो. मी बसलो नाही. ऑगस्टमध्ये दिला. मला ते बरोबर ठरलं, पण माझ्यावर खोलीच्या भाड्याचा ताण नव्हता, आणि चाफेकळीचं ते वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

कुबडी

हातावर बरंच झालं, पायाबद्दल मी लिहितो. पाय मोडला तर लेखनिक लागत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की काही लागतच नाही. माझा घोटा मोडला होता, गुडघ्याखाली प्लास्टर, आणि माझा नंबर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दोघा मित्रांनी खुर्चीत बसवून नेलं. दुसऱ्या जिन्यावर एकाचा पाय चुकला, आम्ही तिघंही पडता पडता वाचलो. तळमजल्यावर बसवा असा अर्ज एका ओळीत करता आला असता, मला सुचलंच नाही.

पाय खाली सोडून तीन तास बसलो तर प्लास्टर आतून आवळतं. समोर दुसरा बाक मागा, त्यावर पाय सरळ ठेवा. कुबड्या पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी वापरू नका, आदल्या संध्याकाळी दारात चालून बघा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. मला हे फिजिओथेरपीच्या ताईंनी पेपर झाल्यावर शिकवलं.

सह्यकडा

चाफेकळी, निकाल काय लागला ते सांगितलंच नाहीस.

चाफेकळी

ऑप्टिक्स सुटला. ऑरगॅनिकला अपेक्षेपेक्षा बारा मार्क कमी पडले, तरी पास आहे. सोडलेल्या उपप्रश्नाचे सहा त्यातच आले. पर्यवेक्षक सरांनी सांगितलेला अर्ज मला माहीत असता तर ते सहा गेले नसते, याची रुखरुख आहे.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. हात बारीक झाला होता, कातडी कोरडी, आणि पेन धरलं की थरथरायचं. महिनाभर रोज कोमट पाण्यात स्पंज दाबायचा व्यायाम केला. आता बेंझीन स्वतः काढते. माझी लेखनिका बारावीला गेली आहे, तिच्या परीक्षेआधी मी तिच्याकडे इतिहास ऐकायला बसते. मला त्यातलं काही येत नाही, पण तिला मोठ्याने सांगायला कुणीतरी हवं असतं.

दोन_मुलींची_आई

हे छान केलंस. हात जप.

नदीपल्याड

मंडळी, धागा जुना झालाय पण आत्ता कुणी आहे का? माझा धाकटा भाऊ आज संध्याकाळी गाडीवरून घसरला. उजव्या हाताला चार टाके आणि मनगट सुजलंय. उद्या अकराला त्याचा पेपर आहे, बी.कॉम. दुसरं वर्ष. आम्ही अजून घरीच आहोत, साधी पट्टी बांधलीय गावातल्या डॉक्टरांनी. काय करू आधी?

चाफेकळी

आहे मी. घड्याळ, कडं, दोरा, अंगठी जे असेल ते आधी काढा. बोटं हलतात का, गरम आहेत का ते बघा. मग आत्ताच सरकारी रुग्णालयात न्या, एक्स-रे करा. प्रमाणपत्रावर "उजव्या हाताने लिहिण्यास असमर्थ" हे शब्द मागून घ्या. वाटेतूनच त्याच्या वर्गशिक्षकांना फोन करा, रात्र झाली तरी करा. लेखनिक बी.कॉम.चा नको, अकरावी-बारावीतला बघा, कॉमर्सचा नसलेला. उद्या दुसरा पेपर आहे का?

नदीपल्याड

नाही, एकच. घड्याळ काढलं, बोटं गरम आहेत, हलवतोय. शेजारची मुलगी बारावी सायन्सला आहे, ती येते म्हणाली.

पर्यवेक्षक_३०_वर्षं

बी.कॉम.साठी बारावी सायन्सची मुलगी चालावी. तिचं ओळखपत्र आणि दोन फोटो आजच तुमच्याकडे घेऊन ठेवा, आणि तिच्या आईवडिलांची संमती लेखी. अर्जाचा मसुदा मी इथे खाली टाकतो आहे, पाच मिनिटं द्या.

नदीपल्याड

थांबतो. रिक्षा आली, निघालो. मोबाइलवर वाचतोय.